चंबळहून कोबाल्ट आणताना

राजस्थानातल्या रावतभाट्याला जाताना आमचा फ्लास्क, म्हणजे किरणोत्सारी कोबाल्ट नेण्याची जड पेटी, रिकामा होता, येताना भरलेला. म्हणून जातानाची गावं नावानिशी लिहिते. येतानाचा रस्ता, मुक्काम, तारखा आणि माल जिथे उतरला त्या प्रकल्पाचं नाव, यांतलं काहीही सांगणार नाही. किरणोत्सारी माल कधी आणि कुठून जाणार हे थोड्याच लोकांना ठाऊक असावं, हा दंडक मला पूर्ण पटतो. पण असा माल कसा नेतात, हे मात्र सगळ्यांना कळायला हवं. एसटी, दुधाचे टँकर आणि शाळेच्या बस ज्या रस्त्याने जातात, त्याच रस्त्याने तोही जातो.

मी अणुऊर्जा खात्यात वैज्ञानिक अधिकारी आहे. पेटी, कागद, बांधणी आणि मोजमाप, एवढं माझं काम. त्यातलं बरंचसं टेबलावर बसून होतं. अधूनमधून मात्र मालाबरोबर जावं लागतं, आणि मला ते मनापासून आवडतं. नियमावलीतलं प्रत्येक कलम कशासाठी आहे हे रस्त्यावर जसं कळतं तसं कचेरीत कळत नाही.

सोमवार : वाशी ते चांदवड

पहाटे पाचला वाशीच्या आवारातून निघालो. पुढे ट्रेलर, मागे आमची जीप. ट्रेलरवर ड्रायव्हर, त्यांचा जोडीदार आणि क्लीनर. जीपमध्ये मी, एक तरुण तंत्रज्ञ आणि रिगिंगचं, म्हणजे जड माल उचलण्या-बांधण्याचं काम बघणारे मामा. ड्रायव्हर साताऱ्याकडचे, वय साठीच्या जवळ. सगळे त्यांना आबा म्हणतात. फ्लास्कला ते धोंडा म्हणतात, आणि नाव चुकीचं नाही. बाहेरून पोलादाचा, आत शिशाने भरलेला, अंगावर उष्णता बाहेर टाकायला पोलादी पंख असलेला तो एक काही टनांचा गोल खांब आहे. त्याच्या मधल्या पोकळीत जो माल बसतो, त्याचं वजन या सगळ्यापुढे नगण्य असतं.

शिसं इतकं का लागतं, ते सांगते. कोबाल्ट-६०, म्हणजे कोबाल्टचा किरणोत्सारी प्रकार, त्यातून निघणारे गॅमा किरण जोरकस असतात. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. साधारण १.२ सेंमी शिशातून जाताना ते निम्मे होतात. पुढच्या १.२ सेंमीत उरलेल्याचे निम्मे. असं वीस वेळा केलं, म्हणजे २४ सेंमी शिसं घातलं, की दहा लाखांतला एक भाग उरतो. प्रत्यक्ष डिझाइनमध्ये विखुरलेल्या किरणांचाही हिशेब धरावा लागतो, पण मुळातला विचार हाच. किरण पूर्ण थांबत नाहीत, ठरवलेल्या मर्यादेच्या खाली येतात. ही गोष्ट लोकांना आधीच सांगितलेली बरी. ‘अजिबात काही बाहेर येत नाही’ असं आम्ही म्हणालो आणि कुणी मीटर लावून पाहिलं, तर पुढचा आमचा एकही शब्द त्याला खरा वाटणार नाही.

रिकाम्या फ्लास्कलाही नियम असतात. आत-बाहेर कागदी चकत्यांनी पुसून घ्यायचं (आम्ही याला स्वाइप घेणं म्हणतो), त्या चकत्या काउंटरखाली ठेवून मोजायच्या. बाहेरच्या अंगावर बीटा-गॅमा दूषितता दर चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेलच्या आत हवी (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल). आधीच्या फेरीची पिवळी लेबलं काढून टाकायची किंवा झाकायची, रिकाम्या पेटीसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा २९०८ हा क्रमांक लावायचा. लेबलं काढण्याचा मुद्दा किरकोळ नाही. रिकाम्या पेटीवर भरलेल्या मालाची खूण वर्षानुवर्षं दिसत राहिली, तर ज्या दिवशी पेटी खरोखर भरलेली असेल त्या दिवशी कुणी तिकडे लक्ष देणार नाही.

मुंब्रा बायपास, पडघा, शहापूर. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो. चहा येण्याआधी मामांनी पाना काढला आणि चारही बाजूंचे टर्नबकल, म्हणजे बांधणी ताणून धरणारे आट्यांचे जोड, तपासले. एकात अर्धा आटा ढिला मिळाला. रिकामा असला तरी फ्लास्क तेवढाच जड, त्यामुळे बांधणीत सूट नाही.

या अर्ध्या आट्याची एक गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. २०२३ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात न्यूमनजवळच्या खाणीतून पर्थला एक मोजणीयंत्र ट्रकने पाठवलं होतं. अंतर सुमारे १,४०० किमी. त्यात सीझियम-१३७ ची एक कुपी होती, ६ मिमी व्यासाची आणि ८ मिमी उंचीची. पर्थला पेटी उघडली तेव्हा यंत्र मोडलेलं होतं आणि कुपी गायब. वाटेतल्या हादऱ्यांनी यंत्र सुटं झालं, एक बोल्ट निघाला आणि त्याच्याच भोकातून कुपी रस्त्यावर पडली. किरण शोधणारी यंत्रं बसवलेल्या गाड्या हळूहळू चालवत माणसं तो रस्ता विंचरत गेली, आणि १ फेब्रुवारीला ती कुपी रस्त्याच्या कडेपासून दोनेक मीटरवर सापडली. ना टक्कर झाली होती, ना आग लागली होती. रोजचा खडबडीत रस्ता तेवढ्याला पुरला. म्हणून मामा चहाआधी पाना काढतात.

नाशिक ओलांडल्यावर पिंपळगावपासून रांगड्या कांद्याचे ट्रॅक्टर सुरू झाले. चांदवडला मुक्काम. इथून लासलगाव जवळच. तिथे २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. कांद्याला गॅमा किरणांची अगदी थोडी मात्रा दिली की मोड येत नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेची दारं आपल्या आंब्याला पुन्हा उघडली, तेव्हा इथेच ४०० ग्रेची (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं एकक) मात्रा देऊन आंबा पाठवला गेला. कोयीतल्या भुंग्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय अमेरिका फळ घेत नव्हती. रात्री जेवताना शेजारच्या टेबलावरच्या शेतकऱ्याने विचारलं, “ताई, तो मशीनचा कांदा खाल्ला तर अंगात रेडिएशन जातं का हो?” म्हटलं, नाही. गॅमा किरणांनी कांदा किरणोत्सारी होत नाही, किरण त्यातून आरपार जातात आणि संपतात. त्याने मान हलवली आणि खरा प्रश्न विचारला : “मग त्या मशीनात घालायचं कोबाल्ट येतं कुठून?”

आम्ही तेच आणायला निघालो होतो.

मंगळवार : चांदवड ते इंदूर

मालेगाव, धुळे, सोनगीर, नरडाणा. शिरपूरच्या अलीकडे तापी ओलांडली. उजाडताना पुलावर धुकं होतं म्हणून आबांनी गाडी अगदी सावकाश काढली.

पळासनेरला आबा आपणहून थांबले. २०२३ च्या जुलैत ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर इथे उतारावर पुढच्या गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. आबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून क्षणभर जोडले. मग म्हणाले, “मॅडम, अशी गाडी आपल्या धोंड्यावर आली तर?”

हा प्रश्न ते पहिल्यांदा विचारत नव्हते, आणि मीही पुन्हा पहिल्यापासून उत्तर दिलं, कारण आमच्या सगळ्या कामाचा पाया त्यात आहे. मोठ्या मात्रेचा माल ज्या पेटीतून जातो तिला ‘ब’ प्रकारची पेटी म्हणतात, इंग्रजी अक्षराने टाइप बी. तिचं डिझाइन मंजूर होण्याआधी तिला नऊ मीटर उंचीवरून, जिथे सर्वांत जास्त इजा होईल अशा बाजूवर, टाकतात. मग एक मीटरवरून १५ सेंमी जाडीच्या पोलादी दांड्यावर टाकतात. मग तीच मार खाल्लेली पेटी ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास ठेवतात. नवी पेटी घ्यायची सवलत नाही. पाण्यात बुडवण्याची चाचणी वेगळी. एवढं सगळं झाल्यावर पेटीपासून एक मीटरवर किरणांची मात्रा तासाला १० मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक). शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे ८०० अंशांची अट डिझाइन करणाऱ्यांचा घाम काढते. बाहेरचं कवच आणि ते व शिसं यांच्यामधली मोकळी जागा उष्णता आत शिरू न देण्यासाठीच असते.

आमचा तंत्रज्ञ हुशार आहे. त्याने गणित मांडलं : नऊ मीटरवरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिचा वेग ताशी साधारण ४८ किमी असतो. हायवेवर ट्रक ऐंशीने जातात. मग चाचणी पुरेशी कशी?

उत्तर जमिनीत आहे. चाचणीची जमीन म्हणजे जाड पोलादी पत्रा बसवलेला काँक्रीटचा प्रचंड ठोकळा, जो जराही दबत नाही. पडण्याचा सगळा जोर पेटीलाच सोसावा लागतो. रस्त्यावर मात्र समोरचा ट्रक चेपतो, भिंत पडते, माती खचते, आपल्या ट्रेलरचा सांगाडा वाकतो. जोर वाटला जातो. इंग्लंडमध्ये १७ जुलै १९८४ ला ओल्ड डॅल्बी इथे लोकांच्या डोळ्यांदेखत अणुइंधनाच्या फ्लास्कवर ताशी सुमारे १६० किमी वेगाने रेल्वे इंजिन घातलं. इंजिनाचा चुराडा झाला. फ्लास्क शाबूत राहिला.

आबा ऐकत होते. मी त्यांना जे दरवेळी सांगते तेच पुन्हा सांगितलं. हे नियम करणाऱ्यांनी सुरुवातीलाच मानलं की ड्रायव्हरला कधीतरी डुलकी लागेल, ब्रेक कधीतरी जातील, कुणीतरी उलट्या बाजूने येईल. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने वाहतुकीची पहिली नियमावली काढली, तेव्हापासून संरक्षणाचा मुख्य भार पेटीवर ठेवलेला आहे. माणसाची दक्षता त्याच्यावरचा जादा थर. आबांवर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्यांच्या नशिबावर रस्त्याकडेच्या हॉटेलातल्या माणसांचा जीव टांगून ठेवायचा मला अधिकार नाही. “म्हंजी मी चुकलो तरी धोंडा चुकायचा न्हाई,” आबा म्हणाले. इतक्या नेमक्या शब्दांत हे मला कधी मांडता आलेलं नाही.

बिजासनचा घाट चढून मध्य प्रदेशात आलो. सेंधवा, खलघाटला नर्मदा, मानपूरचा घाट. इंदूरच्या बाहेर मुक्काम. तिथले व्यवस्थापक आमचं बोलणं ऐकून मराठीत बोलू लागले. होळकरांच्या काळापासून त्यांचं घर इथलंच. पोह्यांवर शेव घालावी की नाही यावर मामांशी त्यांची बरीच चर्चा झाली.

बुधवार : इंदूर ते कोटा

लांबचा आणि सरळ दिवस. उज्जैन, आगर, सुसनेर. गहू, हरभरा, लसूण. झालावाडच्या अलीकडे परवान्याची अफूची शेतं पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि प्रत्येक शेताला राखण. मुकुंदराच्या डोंगरातली दरा नावाची खिंड ओलांडताना रस्ता अरुंद होता आणि वाहनं दाटलेली, तिथेच वेळ गेला.

जीपमध्ये माझा सर्व्हे मीटर, म्हणजे किरण मोजणारा मीटर, सुरू असतो, सवयीने. दख्खनचा काळा कातळ युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब आहे, त्यामुळे आपल्याकडे निसर्गाचं किरणोत्सर्जन कमीच भरतं. काटा कधीच शून्यावर जात नाही, हे आमच्या तंत्रज्ञाला पहिल्या फेरीत फार विशेष वाटलं होतं. जमीन, आकाश, आपलं स्वतःचं शरीर, सगळ्यांतून थोडं थोडं येतच असतं. जगाची सरासरी माणशी वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुरुवार, शुक्रवार : रावतभाटा

कोट्याहून रावतभाट्याचा रस्ता खुरट्या जंगलातून जातो आणि मग अचानक चंबळचं अफाट पाणी दिसतं. राणाप्रताप सागर. त्याच्या काठावर राजस्थान अणुवीज केंद्र. पहिली अणुभट्टी १९७३ मध्ये कॅनडाच्या सहकार्याने सुरू झाली. १९७४ च्या पोखरणनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि दुसरी आपल्या लोकांनी १९८१ मध्ये पूर्ण केली.

वीज बनवताना इथे कोबाल्टही बनतं. निसर्गातलं सगळं कोबाल्ट एकाच जातीचं, कोबाल्ट-५९, पूर्ण स्थिर. भट्टीतली न्यूट्रॉनची घनता सारखी राखण्यासाठी जे दांडे आत असतात त्यांत हे कोबाल्ट भरतात. ते न्यूट्रॉन शोषत राहतं आणि बराच काळ गेल्यावर त्यातला काही भाग कोबाल्ट-६० झालेला असतो. मग ते दांडे रॅपकॉफमध्ये येतात. कोबाल्ट हाताळण्याच्या इथल्या केंद्राला सगळे याच नावाने ओळखतात.

किरणोत्सारी माल बंद ठेवून दुरून हाताळायची खोली म्हणजे हॉट सेल. तिची खिडकी शिशाच्या जाड काचेची, पिवळसर. बाहेर उभा असलेला माणूस मॅनिप्युलेटरच्या मुठी फिरवतो आणि आतले पोलादी हात तसेच फिरतात. कोबाल्ट स्टेनलेस स्टीलच्या नळीत, ती नळी आणखी एका नळीत, दोन्हींना वेल्डिंग आणि गळतीची चाचणी. तयार झालेल्या नळीला पेन्सिल म्हणतात; साधारण दीड फूट लांब आणि बोटाएवढी जाड. सेलमध्ये त्या हाताळणारे तिथले एक ज्येष्ठ सहकारी मधेच थांबले, मुठीवरचे हात काढून बोटं मोडली आणि म्हणाले, “मॅडम, गेली कित्येक वर्षं रोज हे हाताळतो, पण हाताला याचा स्पर्श कधी झालेला नाही.” त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो रास्त होता.

फ्लास्क भरणं हे संपूर्ण दिवसाचं काम. प्रत्येक पेन्सिलीचा क्रमांक आणि मात्रा वहीत, दोघांच्या सह्या. झाकण बसवल्यावर बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या ताकदीने आवळायचे. मग स्वाइप. मग मीटर घेऊन फ्लास्कभोवती फेऱ्या : पृष्ठभागावर, एक मीटरवर, वर, खाली, झाकणाच्या कडेने. झाकणाच्या कडेला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण शिशाला फट असेल तर ती तिथेच असणार.

एक मीटरवरचा सर्वांत मोठा आकडा तासाला ३० मायक्रोसिव्हर्ट आला (हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट). त्याला दहाने भागलं की वाहतूक निर्देशांक मिळतो : ३. निर्देशांक १ च्या वर आणि १० च्या आत, म्हणजे तिसऱ्या वर्गाचं पिवळं लेबल. ते दोन विरुद्ध बाजूंना लावलं. ट्रेलरच्या दोन्ही कडांना आणि मागे वर्ग ७ चे, म्हणजे किरणोत्सारी मालाचे फलक, त्यावर संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक २९१६. अपघात झाला तर अग्निशमन दलाच्या माणसाला लांबूनच या चार आकड्यांवरून कळतं की आत काय आणि कशा पेटीत आहे. केबिनमध्ये ट्रेमकार्ड : काय करायचं, काय टाळायचं, कुणाला फोन करायचा. आबांनी ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं. त्यांना पाठ आहे, तरी दरवेळी वाचायचं असं आमच्यात ठरलेलं आहे.

संध्याकाळी फ्लास्कवर हात ठेवून पाहिला. कोमट. कोबाल्ट-६० सतत उष्णता देत असतं. एक लाख क्युरी (किरणोत्साराचं जुनं एकक) माल असेल तर सुमारे दीड किलोवॅट, घरातली इस्त्री अखंड चालू ठेवावी त्याहून जास्त. ती बंद करायचं बटण नाही. बाहेरचे पंख म्हणूनच आहेत, आणि म्हणूनच फ्लास्कवर ताडपत्री घट्ट गुंडाळून बांधायची नाही. मामा नव्या पोरांना हे पहिल्यांदा शिकवतात.

परतीचे दिवस

फक्त उजेडी चालायचं. ठरलेल्या वेगाबाहेर जायचं नाही. मुक्काम आधी ठरवलेल्या जागीच, पहाऱ्यात. माझ्या वहीत दर थांब्याला तीनच गोष्टी : बांधणी, मीटर, माणसं.

केबिनमध्ये आबांच्या जागेवर मीटर तासाला १ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास होता. मर्यादा २० ची. त्याहून जास्त असेल तर त्या माणसाच्या अंगावर मापक असायलाच हवं. आमच्या सगळ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज आणि खिशात पेन डोसीमीटर मुळात होतेच. अंतर वाढवलं की किरण झपाट्याने कमी होतात, दुप्पट अंतराला जवळजवळ चौथा हिस्सा. फ्लास्क ट्रेलरच्या मागच्या भागात बसवण्याचं कारण हेच.

एका थांब्यावर, गाव कोणतं ते सांगत नाही, ट्रेलरची चाकं तपासायला बाजूला घेतली. समोर एका बाईंची चहाची टपरी. त्यांनी तीन पात्यांचं चिन्ह पाहिलं आणि दोन्ही मुलांना मागे ओढून धरलं. मी जवळ गेले. त्या घाबरलेल्या होत्या, आणि चिडलेल्याही. “हमारे दरवाजे पे ही क्यों रोका?” असं त्यांनी विचारलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

मी त्यांना मीटर दाखवला. टपरीपाशी आकडा नेहमीच्याच पातळीवर होता. मग म्हटलं, माझ्याबरोबर चार पावलं या. जसजसं पुढे गेलो तसा आकडा वाढला. ट्रेलरपासून दोन मीटरवर तासाला १२ मायक्रोसिव्हर्ट दाखवत होता. वाहनापासून दोन मीटरवर परवानगी १०० ची असते. हा वाढणारा आकडा लपवायचा मोह आमच्या क्षेत्रात अनेकांना होतो. माझ्या मते तो दाखवलाच पाहिजे. मी हिशेब सांगितला : इथे तुम्ही एक तास उभ्या राहिलात, तर निसर्गाकडून दोन दिवसांत जेवढं मिळतं साधारण तेवढं मिळेल. मघाच्या २.४ मिलिसिव्हर्टला ३६५ ने भागलं की हे निघतं. त्याने आजार होत नाही. पण विनाकारण थोडंही घ्यायचं कशाला, म्हणून लोकांना लांब ठेवतो, आणि आम्ही दहा मिनिटांत निघतो आहोत.

त्यांनी विचारलं, हे नेता कशासाठी? मी सांगितलं : सुया, सिरिंज, सलाइनचे संच, टाक्यांचे धागे पेटीत बंद केल्यावर याच किरणांनी निर्जंतुक करतात. कर्करोगाच्या काही यंत्रांतही हेच कोबाल्ट असतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. त्यांच्या सासूला कोट्याच्या दवाखान्यात ‘सिकाई’ दिली होती म्हणाल्या. तिकडे रेडिएशनला हाच शब्द आहे. मग त्यांनी विचारलं की गाडी इथे उलटली असती तर आम्ही काय करायचं होतं. मी म्हटलं : जखमीला मदत करा, त्याला हात लावायला घाबरू नका. मग सगळ्यांना लांब न्या, आणि पोलिसांना फोन करून फलकावरचे आकडे वाचून दाखवा. पेटीला हात लावू नका, आणि तिच्यातून काही बाहेर पडलेलं दिसलं तर ते चमकतं म्हणून कुणालाही उचलू देऊ नका.

शेवटचं वाक्य मी उगाच घालत नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत प्रयोगशाळेतलं एक जुनं गॅमा यंत्र भंगारात विकलं गेलं. कामगारांनी ते फोडलं, आतलं कोबाल्ट हाताळलं, आणि एक जण दगावला. ती कोबाल्टची वाहतूकच होती, पण ती तशी आहे हे वाहणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. लेबल नाही, पेटी नाही, कागद नाही. आमच्या ट्रेलरवरच्या पिवळ्या फलकाची भीती मला समजते. तरी मला खरी काळजी वाटते ती फलक नसलेल्या मालाची.

पुढच्या एका नाक्यावर पोलिसांनी अडवलं. आमचे कागद पुरे होते, त्यांना आगाऊ कळवलेलंही होतं. तरुण फौजदाराने ट्रेमकार्ड नीट वाचलं आणि त्याचा फोटो घेतला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून घेतला. मला फार बरं वाटलं.

उतरवण्याचा दिवस

विकिरण प्रकल्पाच्या फाटकात शिरल्यावर आबांनी इंजिन बंद केलं आणि टायरांवरून हात फिरवत एक फेरी मारली. “धोंडा गप्प हाय,” त्यांनी सांगितलं, आणि मी मीटरने खात्री केली. आकडे रावतभाट्याचेच होते.

फ्लास्क क्रेनने उचलून पाण्याच्या खोल हौदात सोडला. झाकण पाण्याखाली उघडलं, कारण तिथे पाणीच शिशाचं काम करतं. लांब दांड्यांनी एकेक पेन्सिल काढून चौकटीत बसवली. दिवे मालवल्यावर पाण्यात निळी झळाळी दिसते, चेरेनकोव्ह प्रकाश. प्रकल्पातल्या नव्या मुलांना आळीपाळीने बघायला बोलावलं. बघितल्यावर ती हौदाच्या कठड्यापाशी जास्त जपून वागतात, हा माझा अनुभव आहे. नवं कोबाल्ट आलं की प्रकल्पाचा वेग वाढतो. या मालाचं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं, म्हणजे दर महिन्याला सुमारे एक टक्का ताकद कमी होते. म्हणून कुणीतरी पुन्हापुन्हा चंबळपर्यंत जाऊन येतच राहणार.

सगळ्यांचे पेन डोसीमीटर वाचले. सर्वांत जास्त माझा, ६० मायक्रोसिव्हर्ट, कारण फ्लास्कभोवतीच्या फेऱ्या माझ्या. आबांचा त्याहून कमी. कामगारांना वर्षाची सरासरी मर्यादा २०,००० मायक्रोसिव्हर्टची असते. आबांनी आपला आकडा नेहमीप्रमाणे स्वतःच्या छोट्या वहीत लिहून घेतला. खात्याच्या नोंदीवर त्यांचा विश्वास आहे, पण वही ते ठेवतातच, आणि मी नव्या ड्रायव्हरांनाही तीच सवय लावते आहे.

रात्री अहवाल लिहिला. बांधणी, मोजमाप, थांबे, इगतपुरीचा अर्धा आटा, सगळं रकान्यांत बसलं. टपरीवरच्या बाईंच्या प्रश्नाला रकाना नव्हता. ट्रेमकार्ड ड्रायव्हरसाठी आहे, पोलिसांसाठी आहे, अग्निशमन दलासाठी आहे. ज्याच्या दारात गाडी थांबते त्याच्या हातात द्यायला आमच्याकडे काही नाही. म्हणून शेरा म्हणून मागणी लिहिली : एका पानाचं पत्रक, हिंदीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत. आत काय आहे, लांब का राहायचं, गाडी उलटली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. मसुदा सोबत जोडला. ‘जखमीला हात लावायला घाबरू नका’ ही ओळ त्यात पहिली ठेवली आहे.